सोमवारची कच्ची पुडी

तंजावूरहून पापनाशमला जाताना लागणाऱ्या एका सांबार पुडीच्या, म्हणजे सांबार मसाल्याच्या, कारखान्यात मी गुणवत्ता अधिकारी होते, तेही करारावर. करार संपत आला होता आणि नेमकी दर सोमवारची पुडी कच्च्या धण्यांच्या वासाची निघत होती. मालकांनी सांगून टाकलं, कराराच्या शेवटच्या सोमवारीही असंच झालं तर दुसरं कोणीतरी बघू. माझी झोपच उडाली.

आधी मी यंत्राला दोष दिला, मग धण्यांना, मग माणसांना. चुकीतून संस्था कशी शिकते यावर फळ्यावर बाण काढकाढून व्याख्यान दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, कॉफी प्यायली आणि पुढच्या सोमवारी हसतमुखाने कच्ची पुडी हातात ठेवली. असा राग आला म्हणून सांगू!

शेवटच्या सोमवारी मी सकाळीच धणे भाजायच्या यंत्रापाशी जाऊन उभी राहिले. सातनंतर मुकादमांनी यंत्र पेटवलं आणि ते तापायच्या आत सगळे धणे आत ओतले. इतर दिवशी अर्धा तास तापवतात. ही कसली घाई, असं मी विचारलं. आमच्यासारख्याच तंजावूरच्या मराठी घरातले ते. शांतपणे म्हणाले, "सोमवारी साडेसातला राहुकालम लागतो, नऊपर्यंत, अक्का. त्यांत काम सुरू कसं कराचं? तुम्ही पण सोमवारी सातालाच येतांत. तुम्हांस ठाऊकच असेल म्हणून कोणी सांगितलं नाहीं."

ठाऊक होतंच. मी त्याच हिशेबाने घराबाहेर पडत होते. बाणांच्या त्या सगळ्या जंजाळात ही गोष्ट मला एकदाही सुचली नव्हती. पण वाद घालायला वेळ नव्हता. मी म्हटलं, मूठभर धणे आत राहू द्या, काम सुरू झालं असं समजा. बाकीचे काढा आणि यंत्र तापू द्या. मुकादमांनी घड्याळ पाहिलं, विचार केला, आणि हा तोडगा त्यांना शास्त्राला धरून वाटला.

त्या दिवशीची पुडी घमघमीत निघाली. तेव्हापासून दर सोमवारी मूठभर धणे आधी पडू लागले. आठवड्याने मालकांनी मला कायम करण्याच्या पत्रावर सही करायला बोलावलं, तेही सोमवारी, सकाळी आठला.

मी खुर्चीत बसले. त्यांनी पेन उघडलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. मग आम्ही पावसावर बोललो, त्यांच्या मुलीच्या शाळेवर बोललो, दोनदा कॉफी प्यायलो. नऊ वाजून गेल्यावर त्यांनी सही केली.