माझ्या फाइलमधला सरांचा लेख

मंडळी, आज प्रमोशनचा इंटरव्ह्यू होता. नाशिकच्या एका हॉस्पिटलात मी नऊ वर्षं जनसंपर्काचं काम करतेय. बातम्या पाठवायच्या, आमच्या डायरेक्टर सरांची भाषणं आणि लेख लिहून द्यायचे. आता जागा निघाली होती जनसंपर्क प्रमुखाची.

कात्रणांची फाइल घेऊन गेले. समोर सर आणि बाहेरून बोलावलेल्या एक मॅडम. मॅडमनी एका कात्रणावर बोट ठेवलं. "हे फार छान आहे. तुम्ही लिहिलंय?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "अहो, तो लेख माझा. वडिलांची ती आठवण लिहिताना फार भरून आलं होतं मला."

कात्रणावर नाव आणि फोटो सरांचाच होता. पण लेखातले, मुलीची वही हातात घेण्याआधी दोनदा हात धुणारे ते वडील माझे. पिंपळगावच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलायचे. सरांना लेख संध्याकाळपर्यंत हवा होता, मला दुसरं काही सुचेना, म्हणून मुलीच्या जागी मुलगा केला आणि माझे बाबा देऊन टाकले.

सर खोटं बोलत नव्हते हो. त्यांना आता खरंच तसं वाटतं.

"हो मॅडम, सरांचाच," मी म्हणाले.

"मग तुमचं स्वतःचं काही दाखवा ना."

मी फाइल चाळत राहिले. प्रत्येक पानावर दुसऱ्याचं नाव.

आत्ता इंदिरानगरला घरी येऊन बसलेय. चहा करायचंही त्राण नाही. तुम्ही काय म्हणाला असतात? खरं सांगा.

आणि हे शेअर करायचं असेल तर खुशाल करा. फक्त खाली माझं नाव राहू द्या.