डाव्या खांद्याचा तक्ता

विषय : डाव्या खांद्याच्या व्यायामाचा तक्ता व त्यामुळे गुरुवारची सेवा बंद पडल्याबाबत.

संदर्भ : अस्मादिकांचा मूर्खपणा.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की... जाऊ द्या. हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? चहा घ्या आणि कप रिकामा होईपर्यंत हसू नका, एवढीच अट.

मी एका धर्मादाय संस्थेच्या मुरबाडच्या कार्यालयात शेवटपर्यंत कारकून होतो. निवृत्त होऊन शहापूरला आलो आणि वर्षभरात डावा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. सदरा चढवायला सौ. लागायची. बाही ओढताना ती म्हणाली, "आयुष्यभर प्रत्येक कामाला हात वर केलेत. आता खरोखर करायची वेळ आली तर जात नाही!"

आमच्या संस्थेचाच इथे एक दवाखाना आहे. दर गुरुवारी कल्याणहून फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या. त्यांनी खांदा तपासला, तीन व्यायाम दाखवले. गरम शेक, मग भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं, मग चौकटीवरून टाकलेली दोरी धरून ओढणं.

"काका, रोज तीन वेळा. झालं की या तक्त्यात खूण करायची. महिनाअखेर जमा करा."

तक्ता हातात घेतला आणि ऊर भरून आला. नमुना माझाच! नोकरीत असताना मीच आखलेला. एकतीस रकाने, खाली स्वाक्षरी, शेरा. आता मला सांगा, स्वतः आखलेला तक्ता कोरा ठेवायचा का?

व्यायाम केला मी. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दुखलं, चौथ्या दिवशी पाहुणे आले, पाचव्या दिवशी विसरलो आणि सहाव्या दिवशी विसरल्याची सवय झाली. तक्ता मात्र नोव्हेंबरच्या अखेरीस एका बैठकीत पूर्ण केला. आमच्या कार्यालयात सगळे तक्ते असेच पूर्ण होत. त्यातही कसब असतं बरं का! सगळ्या खुणा एका पेनाने केल्या तर तपासणीत संशय येतो. म्हणून थोड्या निळ्या, थोड्या काळ्या. एका रविवारी "दुखल्यामुळे दोनच वेळा" असा शेरा. दुखणं डाव्या खांद्याचं आणि खुणा उजव्या हाताने, त्यामुळे शारीरिक अडचण काहीच आली नाही.

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बुधीबाई असायच्या. शेणव्याकडच्या वाडीतल्या. बांधावरून घसरून खांद्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण सहा आठवडे हात गळ्यात अडकवलेला, त्यामुळे खांदा धरला. मोळी डोक्यावर घेऊन बाजारात यायचं, तर मोळीला हात पोचला पाहिजे. त्यांना एवढंच हवं होतं.

त्यांनी माझा तक्ता निरखला.

"भाऊ, येवढं सगलं करता तुमी?"

"नियमित."

"मंग हात कसा नाय जात वर?"

"वेळ लागतो."

"आन माजा बघा. येक रेघ नाय मारली." त्यांचा तक्ता खरंच पांढराशुभ्र होता. "मला कुटं लिवता येतं? मी आपली मोळीची दोरी वाशावर टाकते नि वढते. रडते नि वढते."

त्यांचा हात कानापर्यंत आला होता.

मॅडमच्या कपाळाला मात्र आठ्या. त्या माझा तक्ता पुन्हा पुन्हा पाहत. "काका, तुमच्याइतकं नियमित कुणी करत नाही. तरी फरक नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय."

इथे बोलायचं की नाही? तोंड उघडायला खांदा लागत नाही. पण मी काय म्हणालो असेन? "मॅडम, प्रयत्न आपल्या हातात." आणि डिसेंबरचा तक्ताही भरून दिला.

मग संस्थेचा आढावा झाला. सचिवांपुढे खांद्याचे रुग्ण दोन. पहिल्याचे व्यायाम पूर्ण, सुधारणा शून्य. दुसरीचे व्यायाम शून्य, सुधारणा चांगली. सचिव हिशेबी माणूस. त्यांनी शेरा मारला : "व्यायामाचा सुधारणेशी संबंध दिसून येत नाही. गुरुवारची सेवा बंद करावी." मॅडमची रवानगी दुसऱ्या जिल्ह्यात झाली. शेऱ्याची वाक्यरचना उत्तम होती. सचिवांना शेरे लिहायला मीच शिकवलं होतं.

पुढच्या गुरुवारी दवाखान्याच्या पायरीवर बुधीबाई बसलेल्या. मॅडमच्या खोलीला कुलूप.

"मॅडम बोलल्या व्हत्या, शेवटचं चार बोटं त्या सवता करून देतील. ते घरी वढून व्हत नाय, धरून करावं लागतं. आता कोन करील वो?"

मी सगळं सांगून टाकलं. निळं पेन, काळं पेन, सगळं. त्या म्हणाल्या, "म्हंजे तुमी बसून खोटं लिवलं, आन माजा हात आडला?"

"हो."

"उद्या येवा घरी. दोरी हाय."

गेलो. रोज गेलो, रिक्षाने. त्यांच्या वाशाखाली उभा राहून दोरी ओढली. बुधीबाई समोर बसून ओरडायच्या, "वर! आजून वर! हितं कागूद नाय भाऊ, हितं हातच वर करायचा!" वाडीतल्या बायका कामं टाकून बघायला जमायच्या. मी रडलो आणि ओढली. अडीच महिन्यांत माझा हात सरळ वर गेला. बुधीबाईंचा मात्र तिथेच अडला, चार बोटं खाली. ते मॅडमचंच काम होतं.

मग मी रीतसर अर्ज केला : माझे दोन्ही तक्ते खोटे असून ते रद्द करावेत, आढावा नव्याने घ्यावा व गुरुवारची सेवा पूर्ववत करावी. स्वतः मुरबाडला जाऊन दिला. माझ्या जुन्या टेबलावर आता मनीषा बसते. मीच तयार केलेली.

"भाऊसाहेब, तक्त्यात तर व्यायाम केल्याचं आहे."

"अगं, मीच सांगतोय ना, केले नाहीत म्हणून!"

"तोंडी सांगणं ग्राह्य नाही. जे कागदावर, तेच झालं. तुम्हीच शिकवलंत."

मी हात सरळ वर करून दाखवला. कार्यालयात सगळ्यांनी पाहिला. मनीषाने नोंदवही बघितली. "डाव्या खांद्यात सुधारणा नाही, असं आहे इथे."

शेवटचं हत्यार काढलं. "नोव्हेंबरचा तक्ता बघ. एकतीस तारखेलाही खूण आहे! नोव्हेंबरला एकतीस तारीख असते का?"

तिने पाहिलं. क्षणभर मला वाटलं, जिंकलो.

"लेखनप्रमाद," ती म्हणाली आणि लाल शाईने ती एकच खूण खोडून बाजूला सही केली. "बाकीच्या तीस बरोबर आहेत. व्यायाम केले नाहीत असा मॅडमचा दाखला आणा."

मॅडमचा पत्ता? तो सेवा सुरू झाल्यावर मिळेल.

निघताना अर्जाच्या पाठपुराव्याचा तक्ता टेबलावर दिसला. नमुना माझाच. महिन्याची आज सात तारीख. माझ्या अर्जापुढे तीस तारखेपर्यंत रोज पाठपुरावा केल्याच्या खुणा झालेल्या होत्या. थोड्या निळ्या, थोड्या काळ्या.

बुधीबाईंचा हात चार बोटं खाली आहे. अर्ज प्रलंबित आहे.