लग्नपत्रिकेच्या जाडीची फट

आमच्या घरी मोटारगाडी होती आणि संडास नव्हता. कॉलेजात हे सांगितलं की पोरी हसायच्या, पण खोटं कशाला सांगायचं? कामरगावात टिनाच्या दोन खोल्या, उन्हाळ्यात तव्यासारख्या तापलेल्या, आणि समोर अंगणभर गाडी. बाबा एका मोठ्या शेतकऱ्याकडे ड्रायव्हर होते. मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी पांढरी पेट्रोल मोटार गुरांच्या कुटाराच्या, म्हणजे भुश्याच्या, ढिगाशेजारी पडून राहिली. तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मग मालकच म्हणाले, "घेऊन जाय, तुलेच तिची भाषा कयते." बाबांनी ती बैलजोडीने ओढून आणली, तीन महिने खपून चालू केली आणि नोकरी सोडून भाड्याने वराती करू लागले. लग्नसराईत घरात भाजी असायची. बाकीचे महिने आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची आणि आम्ही चटणी-भाकर खायचो. बसायला जागा नव्हती, म्हणून बारावीचा अभ्यास मी गाडीच्या मागच्या सीटवर केला. पुढे बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मोठेपणासाठी लिहीत नाही, असं म्हणणार होते. पण मोठेपणाच आहे तो, लिहिते.

सध्या मी एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. ही गोष्ट मागच्या दोन लग्नसराईंची.

वरातीत गाडी चालवायची म्हणजे जवळपास उभीच ठेवायची. पुढे डीजे, मध्ये नाचणारे, आणि त्यांच्या मागे माणसाच्या पावलापेक्षाही हळू नवरदेवाची गाडी. एप्रिलच्या उन्हात दोन-दोन तास. जुन्या इंजिनाला यापेक्षा मोठा छळ नाही. त्यात आमच्या गाडीचा जीव पॉइंटमध्ये. पॉइंट म्हणजे धातूची दोन बारकी तोंडं. ती उघडतात-मिटतात तेव्हा प्लगला ठिणगी मिळते. उघडल्यावर दोघांमध्ये पडणारी फट बरोबर लागते, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ती कमी झाली की पॉइंट जळतात, कॉइल तापते, आणि गाडी हळू चालताना आचके देत बंद पडते. फट मोजायला मिस्त्री लोकांकडे लोखंडी पट्ट्या असतात. बाबांकडे लग्नपत्रिका होती.

ही त्यांची रीत. वरात ठरली की त्या घरची पत्रिका यायची. बाबा ती कपाळाला लावायचे, ब्लेडने तिचा काठ कापायचे आणि ती पट्टी पॉइंटमध्ये घालून फट लावायचे. "ज्याची वरात, त्याचीच पत्रिका," म्हणायचे. "मंग गाडी दगा देत नाही." आणि वर्षानुवर्षं तिने दगा दिलाही नाही.

गेल्याच्या आदल्या सराईत दिला. कारंज्याकडच्या एका गावात, मारुतीच्या पारासमोर, नवरदेव आत बसलेला असताना गाडी बंद पडली. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. शेवटी वऱ्हाडातल्या पोरांनी ढकलली. नवरदेवाची गाडी ढकलणं म्हणजे अपशकुन. नवरदेवाची आत्या तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. एक मामा सगळ्यांदेखत म्हणाला, "काहो ड्रायव्हर, गाडी आनली का गाभन म्हैस?" लोक हसले. बाबाही हसले. घरी आल्यावर मात्र दोन दिवस त्यांनी बोनेट उघडलं नाही.

त्या सराईत आणखी दोनदा तसंच झालं. बातमी गावोगाव पोचली आणि पुढच्या वर्षी ठरलेल्या वराती एकेक करून तुटल्या. उरली एकच, इंझोरीची. नवरदेवाचे वडील जुन्या ओळखीचे, पण त्यांनीही फोनवर सुनावलं, "जुन्या गाडीतच फोटो पाह्यजे म्हनते पोरगं, म्हनून ठेवली. पन भाऊ, उभी राह्यली तं आपलं शेवटचं समजा." इंझोरीत गाडी थांबली की बाबांचं काम कायमचं थांबणार, हे आम्हा तिघांनाही कळलं होतं.

मला कुठे बसवेना. कॉलेजात प्रॅक्टिकलची मांडणी करताना तारा चुकायला लागल्या. घरी आले की गाडीभोवती चकरा. आई म्हणायची, "भोवरा झाला काय तुहा?" एका सकाळी बाबांनी जपून ठेवलेल्या कापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा मी पिशवीत घातला, कॉलेजात नेला आणि स्क्रू गेजने एकेक मोजली. जुन्या पत्रिका सगळ्या जवळपास एकाच जाडीच्या, हवी तेवढीच. अलीकडच्या मात्र काहीच्या काही. एक मखमली, पुठ्ठ्यासारखी. आणि ज्या तीन लग्नांत गाडी बंद पडली त्या तिन्ही पातळ, वहीच्या कव्हराएवढ्या. आता आमंत्रण व्हॉट्सॲपवर जातं. छापतात त्या देवापुढे ठेवायला, मग जाड कशाला छापतील?

मी मापं कागदावर लिहून बाबांसमोर ठेवली.

"म्हंजे चूक माहीच."

"तुमची नाही, पत्रिकेची."

"ठीक हाय. जुनी पत्रिका घालतो आता."

"अन् डोयाचं काय? जवयचं दिसते कुठी तुमाले? मांगच्या खेपेले ब्लेडनं बोट कापून घेतलं तुमी."

मग मी मनातलं सांगून टाकलं. पॉइंट काढूनच टाकायचे. त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन: एक सीलबंद डबी आणि पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर चुंबकाचं कडं. कडं फिरलं की डबीला कळतं, ठिणगी कधी द्यायची. घासणं नाही, फट लावणं नाही.

"अन् रस्त्यात बंद पडली तं?" बाबा म्हणाले. "पॉइंट मी घासून चालू करतो. त्या डबीत मी काय पाहू?"

त्यांचं खरं होतं. डबी जळली की जळली. मी म्हटलं, पॉइंट डिक्कीत ठेवू, वेळ पडली तर परत बसवता येतील.

आई चुलीपासून बोलली, "अवो, करू द्या ना तिले. शिकवलं कायले मंग?"

"शिकवलं तं शिकवलं. गाडी माही हाय," असं म्हणून बाबा उठून गेले. तिसऱ्या दिवशी मी चहा पीत होते, तर त्यांनी माझ्यासमोर पाना ठेवला. "खोल," एवढंच म्हणाले.

किट मी मागवूनच ठेवला होता. रविवारी बोनेट उघडलं तर शेजारचे काका कुंपणावर येऊन टेकले. "काय बाई, एवढं शिकून मिस्त्रीच झाली?"

"मिस्त्रीले काय झालं, काका? तुमचा पंप कोन सुदरवते?"

पॉइंट काढले, डबी बसवली, लाल तार आणि काळी तार कॉइलला जोडली. सेल्फ मारला. काही नाही. परत मारला. काही नाही. किटसोबत आलेल्या कागदावरची आकृती तीनदा पाहिली. काका खाकरले. बाबांनी मला बाजूला केलं, डोळे मिटून आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे कडं वर राह्यलं." मी ते पूर्ण खाली दाबलंच नव्हतं. दाबलं, आणि पुढच्या सेल्फला गाडी चालू झाली.

एकच पथ्य होतं: इंजिन बंद असताना चावी चालू ठेवायची नाही, डबी जळते. हे मी बाबांना दहादा सांगितलं. अकराव्यांदा ते म्हणाले, "मी दुसरीत नाही."

इंझोरीत वरात साडेदहाला निघाली. मी गाडीच्या बाजूने चालत होते, पर्समध्ये पाना आणि स्क्रू ड्रायव्हर. डीजेपुढे इंजिनाचा आवाज ऐकू येईना, म्हणून मी मडगार्डवर हात ठेवला. पत्रा भाजत होता, पण थरथर लागत होती. हात काढायची, परत ठेवायची. तासभर असंच. नवरदेवाची बहीण म्हणाली, "ताई, तुमी नाचत काहून नाही?"

ग्रामपंचायतीसमोर थरथर थांबली.

चार-पाच पोरं धावत येऊन डिक्कीला हात लावून उभी राहिली. नवरदेवाचे वडील गर्दीतून वळून पाहू लागले. तेवढ्यात खिडकीतून बाबांचा हात बाहेर आला, हातात चावी.

"सरका रे मांगं! मीच बंद केली."

त्यांनी चावी सगळ्यांना दाखवली, आत घातली, फिरवली. गाडी अर्ध्या सेल्फला चालू झाली. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मी खिडकीशी जाऊन ओरडले, "बाबा, सांगता येत नाही काय?"

"सांगतलं असतं तं तू करू देलं असतं काय? मले पाहाचं होतं. लोकायलेही दाखवाचं होतं."

त्यांनी गियर टाकला. मी मडगार्डवर परत हात ठेवला नाही.

वरात मांडवापर्यंत पोचली. त्याच मांडवात दोघांनी बाबांचा नंबर घेतला, आणि त्या सराईत आमच्या गाडीने अकरा वराती केल्या. एकदाही ती बंद पडली नाही. आणि मोठेपणाच आहे तो, म्हणून परत लिहिते: तिच्यातले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन मी बसवलं आहे.