नदी नसलेल्या देशातले नदीवाले काका

पाणी पाहिल्यावर तहान लागण्याऐवजी शंका येणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि देवाने त्याला नेमकं नदी नसलेल्या देशात पाठवलं होतं. शारजातल्या ज्या लॅबमध्ये मला पहिली नोकरी लागली, तिथले ते मुख्य केमिस्ट. सगळे त्यांना काका म्हणत, अगदी केरळचे आमचे मॅनेजरसुद्धा. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच; परक्या देशात कसं राहायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. काकांनी दुबईत, करामा भागातल्या आपल्या घरातली एक खोली मला दिली आणि, काकूंच्या शब्दांत, एक हक्काचा श्रोता मिळवला.

कुणाकडे जेवायला गेले की काका पाण्याचा ग्लास आधी उजेडाकडे धरत. यजमानीणबाईंचा चेहरा उतरे, आणि काकांची मुलगी डोक्याला हात लावून म्हणे, "बाबा, प्लीज, नॉट अगेन." शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीला, सगळी दुबई समुद्रात डुंबत असताना हे काठावर उकिडवे बसून वाळूतले रंगीत कण चिमट्याने वेचत. एकदा तिथल्या रखवालदाराने काय हरवलंय असं विचारलं, तर म्हणाले, "प्लास्टिक है भाई, कभी खोता ही नहीं, यही तो तकलीफ है." डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्लास्टिकचा कण म्हणजे त्यांच्या मते शारजा-दुबई बस. रिकामी कधी धावतच नाही. वाटेत शिसं भेटो, तांबं भेटो, जो धातू हात करील तो चढतो, आणि शेवटचा थांबा माशाच्या पोटात. ही बस मी इतक्या वेळा ऐकली होती की खरी बस पकडतानाही मला शिसंच आठवे.

धातू तपासायचे तर लॅबमध्ये पाणी आधी बारीक कागदातून गाळतात. खालचं नितळ पाणी यंत्रात जातं आणि कागद कचऱ्यात. काका मात्र कागदच जपून ठेवत. वर म्हणत, "चोर गाळणीवर बसलाय, आणि तुम्ही झडती घेताय पाण्याची."

मग मंदी आली. क्रेन जागच्या जागी थांबल्या, अल नहदा वस्तीतल्या ओळखीच्या घरांनी मुलांचे शाळेचे दाखले काढून गावची वाट धरली. आमच्याकडे एकच मोठा ग्राहक उरला. त्या कंत्राटदाराला डोंगराकडच्या एका वादीचं, म्हणजे पावसापुरत्या वाहणाऱ्या नदीचं, पाणी हॉटेलसमोरच्या तळ्यात सोडायचं होतं. पाणी स्वच्छ निघालं. कागदावरच्या प्लास्टिकच्या कणांवर मात्र काकांना शिसं सापडलं. ते वाक्य अहवालात गेल्याशिवाय सही करणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. प्लास्टिकला धातू चिकटत नसतो, तुमचीच भांडी नीट धुतली नसतील, असं मॅनेजरांचं म्हणणं. रविवारपर्यंत सही झाली नाही तर नोकरीचं आपण काही सांगू शकत नाही, हेही त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

त्याच शुक्रवारी घरी सत्यनारायण होता. त्या नमुन्याची एक जादा बाटली काकांनी घरच्या फ्रिजमध्ये ठेवली होती, वर चिठ्ठी: 'नदी'. शेजारच्या वहिनी नाशिकहून गोदावरीचं पाणी आणून देणार होत्या. काकूंना वाटलं, हेच ते. त्यांनी मनोभावे सगळी बाटली तांब्याच्या कलशात ओतली, वर नारळ ठेवला आणि पूजा यथासांग पार पडली. तीर्थ वेगळं होतं, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी बाटली पाहून मी डोळेच मिटले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. काका मात्र कलशाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "अगं, रडतेस काय? रात्रभर तांब्यात होतं ना?" नारळ आणि आंब्याची पानं काढून त्यांनी कलश मांडीवर घेतला आणि बसने शारजा गाठलं. वाटेत एका आजोबांनी कलशाला हात जोडले, तेव्हा काकांनीही गंभीरपणे मान लववली.

लॅबमधल्या बाटलीतल्या कणांवर तांबं नावालाच होतं. कलशातल्या कणांवर ते भरभरून चढलं होतं. रविवारी काकांनी दोन्ही आकडे आणि तो हळद-कुंकवाचा कलश मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला.

"सर, एक रात में इतना. वादी में तो प्लास्टिक पूरा साल पड़ा रहता है."

मॅनेजरांनी कलशात डोकावून पाहिलं. मग 'झालं, विषय संपला' अशा तिकडच्या अरबी अर्थाने म्हणाले, "खलास, काका. लिखो."

वाक्य अहवालात गेलं. कंत्राटदार भडकला आणि पुन्हा फिरकला नाही. दोन महिन्यांत माणसं कमी करायची वेळ आली, तेव्हा पहिलं नाव काकांचं होतं. सामान बांधताना काकू एकेक भांडं कागदात गुंडाळत होत्या. काका मात्र पोराचं लग्न लागल्यासारखे त्या अहवालाबद्दल बोलत होते.

ते भारतात परतले त्या आठवड्यात मी हे सगळं गावी फोनवर बाबांना सांगितलं. बाबा शाळेची पायरी चढलेले नाहीत. शिसं काय, कण काय, त्यांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्यांची नोकरी गेली?"

"गेली," मी म्हणालो.

मग बाबा म्हणाले, "पण खरं लिहीपर्यंत सही केली नाही ना? बरं झालं, तू अशा माणसाच्या हाताखाली लागलास."