पुलाच्या अलीकडे

त्या रविवारी आमच्या घरात दोन ग्राफिक्स कार्डं होती, म्हणजे गेममधली चित्रं पडद्यावर पळवणारी. एक आमचं जुनं, कॉम्प्युटरमध्ये बसवलेलं. दुसरं नवऱ्याच्या मित्राचं, एकदम भारी, संध्याकाळपर्यंत मागून आणलेलं. दोघं कुंभिवलीला एकाच कंपनीत. आपणही तसलं घ्यावं का, हे नवऱ्याला त्या दिवशी ठरवायचं होतं. मला मात्र पूल ओलांडायचा होता.

कसला पूल, तर गेममधला. नवरा पहिल्या पाळीला गेला आणि भांडी आटोपली की दुपारी मी खेळायला बसायचे. हरवलेल्या बहिणीला शोधत एक बाई गावोगाव फिरते, एवढीच गोष्ट, पण मला वेडच लागलं होतं. बहीण नदीपलीकडे आहे हे कळलं आणि तिथंच घोडं अडलं. पुलावर पाऊल टाकलं की आमचं कार्ड मान टाकायचं. पडदा काळा, गेम बंद. महिनाभर मी पुलाच्या तोंडाशीच. म्हणून सकाळीच बजावलं, "अहो, हे कार्ड घरात आहे तोवर मला पलीकडे जाऊ द्या."

"हो गं, टेस्ट झाली की तूच बस."

झाली की! यांची टेस्ट म्हणजे काय, तर विहिरीपासून पुलापर्यंत पळायचं, पडद्याच्या कोपऱ्यातले वेगाचे आकडे मोबाइलवर टिपायचे, मशीन बंद करून कार्ड बदलायचं आणि पुन्हा विहीर. तीच गल्ली, तोच पाऊस, तीच कोंबडी आडवी जाणार. सावल्या वाढवून एकदा, कमी करून एकदा. मे महिना, जिवाची नुसती काहिली, आणि टेबलफॅनचं तोंड कॉम्प्युटरकडे. म्हणे कार्ड तापतंय. "मीपण तापलेय," मी म्हटलं. पण ऐकतंय कोण!

सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. बराच वेळ पडद्याकडे बघून लेकाला म्हणाल्या, "काय रं, ती बाय सकाळधरनं त्याच आळीत पळतेय. वाट चुकली काय ती?"

"आई, मी मोजतोय."

"काय मोजतोस? कोंबडी तर येकच हाय."

मला हसू फुटलं, तरी राग काही जाईना. जेवणं झाली, हा पुन्हा विहिरीपाशी. शेवटी मी तोंड सोडलं. "अहो, माथेरानचं भाड्याचं घोडंसुद्धा पॉइंट दाखवून आणतं, तुम्ही वेशीवरूनच माघारी! एकदा तरी पुलावर जा."

"अगं, पुलावर आपलं कार्ड बंद पडतं. मग तिथलं रीडिंग कसं घेणार? दोन्ही कार्डांना सारखंच नको?"

मी कपाळावर हात मारला. म्हणजे जिथं खरा फरक आहे तिथं जायचंच नाही, आणि बाकी दिवसभर मोजत बसायचं! आणि हा माणूस कंपनीत क्वालिटीला आहे, बरं का.

उन्हं उतरली तशी मी रडकुंडीला आले. एका गेमपायी बाईमाणसानं रडावं का? रडावं. इतक्या दुपारी मी तिच्याबरोबर वणवण केली होती, तिला तिची बहीण भेटलेली मला बघायची होती.

अंगणात मित्राची बाइक वाजली. मी चहा टाकला. ट्रे घेऊन बाहेर येते तर भारी कार्ड पुसून खोक्यात गेलेलं, आणि नवरा मित्राला सांगतोय, "सावल्या, गवत, पाणी कमी केलं तर फार फरक नाय रे. तसंही आमच्याकडं खेळतंय कोण? हाय ते पुरे."

खेळतंय कोण!

मी ट्रे टेबलावर ठेवला आणि मित्राच्या मांडीवरचं खोकं सरळ उचललं.

"भावोजी, चहा घ्या. आता जेवूनच जा. कार्ड नंतर देते."

"अगं, आता कसली टेस्ट?" नवरा म्हणाला.

"टेस्ट नाही. मला जायचंय."

"पण तुला कार्ड बसवता तरी येतं का?"

"सकाळपासून दुसरं काय बघतेय मी? उठा आधी त्या खुर्चीवरून."