श्रावणातल्या गोळ्या

“बरो झालो मा?”

दवाखान्याच्या दारातून आत पाऊल टाकतानाच ते हे विचारायचे. नमस्कार नाही, नंबर कितवा हे नाही. समोर मी असले तर मला, नसले तर भिंतीवर लावलेल्या मांजरांच्या लसीच्या तक्त्याला. मालवणीतलं त्यांचं ते ‘बरा झाला ना?’ इतकं रोजचं झालं होतं, की मी मान वर न करता “हो काका, बसा” म्हणायची. त्यांच्या मागून तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला कुत्रा यायचा आणि सरळ वजनकाट्यावर जाऊन बसायचा.

मुलुंडला, डोंगराच्या बाजूला असलेल्या जनावरांच्या एका दवाखान्यात मी आठ वर्षं औषधांचं काउंटर सांभाळलं. तुमच्यापैकी ज्यांनी कुत्रा पाळला आहे त्यांनी अशी जागा पाहिली आहे. फिनेलचा वास, बाकावर ओळीनं बसलेली माणसं, आणि जनावरापेक्षा माणूसच जास्त घाबरलेला. अशा ठिकाणी कुणाचा स्वभाव लपून राहत नाही.

काका मूळचे कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते, हे स्वतः एका ऑफिसात लिफ्टमन म्हणून निवृत्त झाले. डोंगराच्या पायथ्याशी चाळीत एक खोली. मूलबाळ नव्हतं. बायकोनं गटाराकाठी सापडलेलं पिल्लू घरी आणलं आणि त्याचं नाव ठेवलं झिलू. त्यांच्याकडे झील म्हणजे मुलगा. पुढे बायको गेली आणि खोलीत दोघंच उरले. आमच्या रजिस्टरमध्ये मालकाच्या रकान्यात काकांनी तरीही बायकोचंच नाव ठेवायला लावलं होतं.

त्यांची देखभाल कडक होती. रोज फिरून आल्यावर झिलूच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत हात घालून गोचिड्या काढायच्या आणि घासलेटच्या वाटीत टाकायच्या. तरी पावसाळ्यात डोंगराकडचं गवत वाढलं आणि एखादी राहिलीच असणार. झिलूनं खाणं सोडलं, नाकातून रक्त आलं. मॅडमनी रक्त तपासून टिक फीव्हर सांगितला. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. गोचिडीतून होणारा हा ताप. महिनाभर गोळ्या द्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही.

नेमका श्रावण लागला होता. एरवी झिलूला गोळी द्यायची म्हणजे बांगड्याच्या तुकड्यात खुपसायची, की काम झालं. पण बायको असताना श्रावणात घरात मासे येत नसत, आणि ती गेल्यावर काकांनी तो नेम जास्तच कडक केला होता. कुत्र्यालासुद्धा महिनाभर दूधभात. शनिवारची संध्याकाळ होती, काउंटरवर गर्दी होती. गोळ्यांची पाकिटं घेताना त्यांनी मला विचारलं, “दुधातून दिली तर चलात मा गो?”

मी दुसऱ्याच कुणाचं तरी बिल करत होते. “चालेल काका,” मी म्हणाले.

ही गोळी दुधातून, दह्यातून, पनीरमधून द्यायची नसते. दिली तर ती अंगाला नीट लागत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला हे शिकवलं होतं, आणि दिवसातून दहा जणांना मी ते तोंडपाठ सांगत होते. त्या दिवशी अकराव्याला सांगितलं नाही, इतकंच.

गणपती झाले आणि झिलूचा ताप परत आला. मॅडम बुचकळ्यात पडल्या. गोळी एकदाही चुकवली नव्हती. काकांनी कॅलेंडरवर फुल्या मारून आणल्या होत्या. मग मॅडमनी विचारलं, गोळ्या कशातून दिल्या? दुधातून, काका म्हणाले. मॅडमचा आवाज चढला.

“दुधातून द्यायला कुणी सांगितलं तुम्हाला?”

मी दारात इंजेक्शनचा ट्रे घेऊन उभी होते. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“कोणी नाय,” ते म्हणाले. “माझाच डोक्या.”

मॅडमनी त्यांना चांगलं झापलं. म्हाताऱ्या माणसानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, आणि मी मूग गिळून उभी राहिले. याआधी एकदा औषध चुकीचं दिलं म्हणून मला ताकीद मिळाली होती. घरी मी एकटी कमावती. ही कारणं खरी आहेत, पण ती सांगताना आजही माझी मलाच लाज वाटते.

दुसरा कोर्स नीट झाला. झिलू खायला लागला, वजनकाट्यावर ऐटीत बसायला लागला. पण मॅडम ‘बरा झाला’ म्हणेनात. म्हणायच्या, सध्या बरा आहे. बरेचसे कुत्रे यातून उठतात आणि पुढे वर्षानुवर्षं मजेत जगतात. काहींच्या अंगात हा आजार दबून राहतो आणि मूत्रपिंडं पोखरतो. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासायची. काकांना त्यातलं ‘सध्या’ काही केल्या पटत नव्हतं.

लघवीचा नमुना धरणं हा एक सोहळाच होता. पहाटे झिलू पुढे आणि मागे काका, हातात लांब दांड्याचा करवंटीचा डाव घेऊन, वाकून दबकत चाललेले. चाळीतली माणसं पोट धरून हसायची. झिलू तंगडी वर करायचा, काका डाव पुढे करायचे, की हा तंगडी खाली. अर्धा तास हा खेळ चाले. करवंटीतला नमुना तपासायला चालत नाही म्हणून मी त्यांना स्वच्छ बाटली दिली, तर ती त्यांनी डावालाच सुतळीनं बांधली.

तिसऱ्या खेपेच्या नमुन्यात प्रथिनं सापडली. त्याच्या पुढच्या खेपेला जास्त. मूत्रपिंडं गेली होती.

मी मॅडमना आडून विचारलं, दुधामुळेच झालं का हे? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. पहिला कोर्स लागू पडला असता तर कदाचित वाचला असता, कदाचित नसताही. हा ‘कदाचित’ मी कितीदा तरी दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला आहे. एकाही बाजूनं मी सुटत नाही.

शेवटचे दोन महिने वाईट गेले. झिलूच्या तोंडाला फोड आले, अंगाला वास येऊ लागला. रोज सकाळी काका त्याला दोन हातांवर उचलून आणायचे, सलाईन लावायला. तासभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायचे. आता काही विचारत नसत. मीच न राहवून विचारायची, आज काही खाल्लं का? ते नुसती मान हलवायचे. एका मंगळवारी आलेच नाहीत. दुपारी फोन करून मॅडमना म्हणाले, झिलू पहाटे गेलो.

आठवडाभरानं मी त्यांच्या खोलीवर गेले. वाटेत शंभर वेळा मनाशी घोकलेलं सगळं दारातच विसरले. त्यांनी बसायला चटई टाकली, चहा ठेवला. चहा उकळायच्या आतच मी बोलून टाकलं.

“काका, दुधातून चालेल असं मीच सांगितलं होतं.”

“माहीत आसा गो. मी काय विसरलंय?”

“मग मॅडमना का नाही सांगितलंत?”

त्यांनी स्टोव्ह बारीक केला. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझी नोकरी गेली असती तर झिलू वाचणार होतो काय? म्हणान गप रवलंय. माफ केलंय असा समजा नको.”

मग त्यांनी चहा गाळून माझ्यापुढे ठेवला. बशीत दोन बिस्किटंही ठेवली. मी रडत होते, त्यांनी मला रडू दिलं. समजूत घातली नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

त्यानंतर मी दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी दार उघडलं, चहा दिला, गावच्या घराची कौलं, भावाचं आजारपण असलं काहीबाही बोलले. झिलूचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि माझी हिंमत झाली नाही. तिसऱ्यांदा गेले तर दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, काका खोली सोडून भावाकडे गावी गेले, आता काही परत येत नाहीत.

माझ्यासाठी काही निरोप ठेवलाय का, मी विचारलं. नाही, ती म्हणाली. ठेवण्याचं कारणही नव्हतं. तरी जिना उतरून मी पुन्हा वर गेले आणि तिला तेच परत एकदा विचारलं.