हात-खालीच्या बाई

बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या गळ्यावर माझ्या बहिणीचा तळहात होता. नंदा जन्मापासून बहिरी. तिला अंबाजोगाईच्या निवासी शाळेत घालायला आई-अण्णांबरोबर मीही गेलो होतो. बाईंनी नंदाला मांडीवर ओढलं, तिचा एक हात आपल्या गळ्यावर ठेवला, दुसरा तिच्याच गळ्यावर, आणि आम्ही उभे आहोत हे विसरून "आ" लावला. त्या शाळेत दिवसभर हेच चालायचं. पोरांच्या हातांनी बाईंच्या पातळाचा काठ गळ्यापाशी कायम मळलेला असे.

त्यांचं खरं नाव पालकांपैकी क्वचितच कुणी घेई. सगळे त्यांना हात-खालीच्या बाई म्हणत. पोरानं खुणा केल्या की बाई त्याचे दोन्ही हात धरून खाली दाबायच्या. "हात खाली! तोंडानं बोल!" खुणांची सवय लागली की मूल बोलायचा कंटाळा करतं, असं त्या शिकून आल्या होत्या आणि त्यावर त्यांचा देवावर असावा तसा विश्वास होता. आईबापांनाही त्या सोडत नसत. "तुमी लाडानं खुणा करता, आन् लेकराचं तोंड बंद पडतं," असं सुनावून त्यांनी आमच्या आईला रडवलं. आई आणि नंदाची घरात आपली अशी एक भाषा होती. मिशीवर बोट फिरवलं की अण्णा, गालाला चिमटा म्हणजे मी. ते सगळं त्या दिवसापासून बंद झालं.

अण्णांना एकच गोष्ट हवी होती. निघताना त्यांनी हात जोडून विचारलं, "बाई, लेकरू मला एकदा अण्णा म्हनंल का हो?"

"म्हनंल की. मी हाय न्हवं?" बाई म्हणाल्या. असा शब्द देऊन बसणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

पण दिलेल्या शब्दासाठी त्या राबल्या मात्र जिवाच्या आकांताने. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची, ती हलली तर "प" आला. नाकपुडीवर बोट ठेवायचं, ते थरथरलं तर "न" आला. जमलं नाही की बाई पोरावर चिडायच्या, मग स्वतःवर. सुटीतही गावी जात नसत. गावी त्यांचं होतं तरी कोण! "माझी पोरं बोलली की मी सुटले," एवढंच म्हणायच्या.

एका दिवाळीला नंदा आमच्या वडवणीच्या स्टँडवर एसटीतून उतरली, नाकावर बोट ठेवून अण्णांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "अन्ना." अण्णा चारचौघांत रडले. त्यानंतर त्यांना राहवेना. आमचं किराणा दुकान, शाम्पूच्या पुड्यांच्या माळा तेव्हा नुकत्याच लटकायला लागल्या होत्या. गिऱ्हाईक आलं की अण्णा म्हणायचे, "नंदे, म्हन!"

बाजाराच्या दिवशी दुकान भरलेलं होतं. नंदा म्हणाली. तिचा आवाज जाड, नाकातून फुटणारा. मागून कोणीतरी म्हणालं, "रेडकू वरडलं का काय बे!" आणि माणसं हसली. नंदाला हसणं ऐकू आलं नाही, पण बाईंनीच तिला माणसांच्या तोंडाकडे बघायला शिकवलं होतं. तिनं ते पाहिलं. "कावून हसता रे भाड्यांनो?" म्हणत अण्णा गल्ल्यावरून उठले, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. नंदानं त्या दिवसापासून तोंड मिटलं ते मिटलंच. पुढे अण्णा वारले, ती हाक पुन्हा न ऐकता.

नंदानं बोलणं टाकल्याची बातमी लागल्यावर त्याच सुटीत बाई स्वतः वडवणीला आल्या होत्या. नंदाचा हात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला. नंदानं तो काढून घेतला. परतताना स्टँडवर बाईंनी मला विचारलं, "माझं लई चुकलं का रे?" मी त्यांची पिशवी एसटीत चढवून दिली.

शाळा संपवून नंदा दुकानात बसू लागली. तिच्या मैत्रिणी येत तेव्हा त्यांचे हात भराभर चालत. वसतिगृहात हौदापाशी, बाईंची पाठ फिरली की पोरांची ही बोली चालायची म्हणे. तिच्यात बाईंनाही नाव होतं. दोन्ही तळवे खाली दाबायचे.

आणि मग बाईंच्याच गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये डॉक्टरांना स्वरयंत्र काढावं लागलं. आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा गळ्यावर पट्टी होती. नंदाला पाहून त्या हात हवेत हलवू लागल्या. काय म्हणतात ते काही केल्या कळेना. नंदा बघत राहिली, मग तिनं दोन्ही तळवे खाली दाबले. हात खाली! बाईंना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि त्या हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आवाज अर्थातच नव्हता.

नंदा पलंगावर बसली आणि बाईंची बोटं एकेक करून वळवू लागली. पाणी. दुखतंय. झोप. बाईंना जमत नव्हतं, नंदा चिडत होती. आम्ही निघताना बाईंनी नंदाच्या ओठांकडे बोट केलं, दोनदा. एकदा म्हण. नंदानं मान हलवली. नाही.

बाई गेल्याचा फोन शेजारच्या एसटीडी बूथवर आला, तोही बाजाराच्याच दिवशी. दुकानात गर्दी होती. मी नंदापुढे उभा राहून सावकाश ओठ हलवले. बाई वारल्या.

तिनं गुळाचे हात ओढणीला पुसले. उजवा तळहात गळ्यावर ठेवला. "बाई," ती म्हणाली. तोच जाड, नाकातला आवाज. मग आणखी मोठ्यानं, "बाई!" तागडी धरून मी तसाच उभा राहिलो. गिऱ्हाईकं पिशव्या घेऊन उभी होती, कुणी हसलं नाही. ज्यांनी या आवाजासाठी जीव टाकला ते अण्णाही नव्हते आणि बाईही. नंदा आमच्याकडे बघत हाक मारत राहिली.